जिंतूरच्या काकांना उत्तर: टायर दोन की चार?

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि उत्तर मुद्दाम सकाळवर ढकललं. रात्रीच लिहिलं असतं तर उगं तिखट झालं असतं.

बाकीच्या वाचकांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मागच्या आठवड्यातला लेख मी माझ्या भाच्यासाठी लिहिला होता. पोरगा मूळचा सेलूचा, सध्या नोकरीला जर्मनीत, स्टुटगार्टला. त्याने जुन्यात माझदाची एमएक्स-5 घेतली. दोन सीटांची, छत उघडणारी, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. तिला थंडीचे टायर चारही घे, आणि आहेत त्यापेक्षा अरुंद घे, असा माझा सल्ला होता. काका एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेत. ते म्हणतात, गाडी मागच्या चाकांवर पळते तर टायर मागचे दोनच बदलायचे, चार सांगणं ही टायरवाल्यांची दलाली. रुंद टायर काढून अरुंद लावा म्हणणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. डिकीत वाळूचं पोतं टाकलं तर एकही टायर घ्यायची गरज नाही. आणि शेवटी टोला: सात अंशांखाली साधा टायर दगड होतो म्हणता, मग परभणीत पारा सातच्या खाली उतरतो तेव्हा आम्ही सगळे खड्ड्यात जातो का?

शेवटचा टोला आधी घेतो, कारण तो बरोबर बसलाय.

सात अंशांना काहीच अचानक घडत नाही. उन्हाळी टायरचं रबर थंडी वाढेल तसं हळूहळू ताठर होत जातं. थंडीच्या टायरच्या रबराची घडणच वेगळी असते, त्यात नैसर्गिक रबर आणि सिलिका जास्त घालतात, म्हणून ते गारठ्यातही मऊ राहतं. सात हा लोकांच्या लक्षात राहावा म्हणून धरलेला अंदाजाचा आकडा आहे. रस्ता कोरडा असेल तर पाच अंशांतही चांगला उन्हाळी टायर थंडीच्या टायरच्या आधी गाडी थांबवू शकतो. आपल्या परभणीत पहाटे पारा उतरतो खरा, पण रस्ता कोरडा ठणठणीत, आणि दहा वाजता स्वेटर काढून मागच्या सीटवर टाकावा लागतो. तिकडे आठवडेच्या आठवडे ऊन धड लागत नाही, रस्ता ओला असतो आणि रात्री त्याच ओलीची काच होते. म्हणून जर्मन माणूस पारा बघत बसत नाही. ऑक्टोबर ते ईस्टर थंडीचे टायर ठेवायचे, एवढंच तो पाठ करतो, कारण हे दोन्ही शब्द त्याच्या भाषेत ‘ओ’ने सुरू होतात. तर काका, माझं ‘दगड होतो’ हे वाक्य चुकीचं होतं. लेखात ते बदललंय.

दोन टायरच्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही, आणि पुरावा तुमच्याच आगारातला देतो. एसटी मागच्याच चाकांवर पळते ना? मग नवे टायर तुम्ही पुढे का चढवत होता, आणि रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेले, मागे का? पुढचा टायर गेला की स्टेअरिंग गेलं, हे तुम्ही मला शिकवायचं, मी तुम्हाला नव्हे. (कारला दोनच नवे टायर घालायचे असतील तर ते मागे घाला, शेपूट म्हणजे गाडीचा मागचा भाग सुटणार नाही, असं टायर कंपन्या सांगतात. म्हणजे भीती दोन्ही टोकांना आहे. म्हणूनच चार.)

आमचं रान पाथरी तालुक्यात, सगळं काळं. वाफसा नसताना ट्रॅक्टर घातला की काय होतं ते आठवा. मागची मोठी चाकं घुरघुरत ओढतात, आणि पुढची चाकं पूर्ण वळवली तरी ट्रॅक्टर सरळच चालतो. म्हणून तर पुढच्या टायरला चाकाभोवती फिरणाऱ्या कडा असतात आणि मागच्याला तिरके जाड उभार. दोघांची कामंच वेगळी. तरी धुऱ्यावर वळायला एका बाजूचा ब्रेक दाबावा लागतो. बर्फात नेमकं हेच होतं, फक्त वेग ट्रॅक्टरचा नसतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. 2009 च्या डिसेंबरात मी तिकडेच होतो, आणि भाच्याच्याच जातीची एक जुनी गाडी माझ्याकडे होती. जुन्या बाजारात थंडीचे दोन टायर स्वस्तात मिळाले. एका दुकानदाराने ते मागे बसवून दिले आणि तुमच्यासारखंच म्हणाला, ताकद मागे आहे, बास झालं. दोन दिवस मी राजा होतो. चढावर शेजाऱ्यांच्या गाड्या चाकं फिरवत उभ्या, माझी सरसर वर. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच चढाच्या उतारावर, खालच्या वळणाआधी ब्रेक दाबला. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर येतं, थांबवण्याचं बहुतेक काम तीच करतात, आणि माझ्या पुढच्या चाकांवर उन्हाळी टायर. स्टेअरिंग डावीकडे वळवलेलं आणि गाडी सरळ, अगदी सावकाश, गोल चौकाच्या मधल्या कुंपणात. वेग इतका कमी होता की आपण धडकणार हे कळायला भरपूर वेळ मिळाला. वाईट तेच वाटलं.

मागचे दोन टायर मला निघायला मदत करत होते. मला थांबायचं आणि वळायचं होतं. मागून ढकलणाऱ्या हलक्या गाडीत हा धोका जास्त, कारण माणूस निघण्याच्याच काळजीत असतो आणि निघता आलं की त्याला धीर येतो. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चाक रिकामं फिरू देत नाहीत, शेपूट सावरतात, सगळं खरं. पण जी पकड रस्त्यावर नाहीच, ती त्या कुठून आणणार? शिवाय आता तिकडचा कायदाही आहे. 2010 च्या डिसेंबरपासून बर्फाळ किंवा निसरड्या रस्त्यावर थंडीच्या टायरशिवाय कार चालवली तर दंड होतो, आणि ते चारही चाकांना लागतात.

आता रुंदी. कोरड्या रस्त्यावर, वेगात, रुंद टायर चांगलाच, त्यात वाद नाही. पण पांदणीतल्या बैलगाडीची लोखंडी धाव बघा. वरचा चिखल कापून ती खालच्या मुरमावर टेकते. चिखल खोल असेल तर तीच धाव रुतून बसते आणि रुंद चाक वरून तरतं, हेही खरं. शहराच्या रस्त्यावर बर्फ सहसा चार बोटं असतो, त्यात पाणी मिसळलेलं असतं आणि खाली डांबर असतं. तिथे वर तरंगायचं नाही, खाली टेकायचं असतं. भाच्याच्या गाडीला आत्ता 205/45 आर 17 आहेत (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; शेवटचा रिमचा, इंचांत). मी 195/50 आर 16 सांगितले. हे माप त्याच गाडीला कंपनीकडूनही येतं, काही जुगाड नाही. सोळाची रिम स्वस्त, टायर स्वस्त, आणि रबराची भिंत थोडी उंच म्हणून बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाकायची भीती कमी. फक्त मोठे ब्रेक बसवलेली गाडी असेल तर सोळाची रिम कॅलिपरला, म्हणजे ब्रेकच्या चिमट्याला, घासते. ते आधी बघायचं, मग पैसे द्यायचे.

नक्षीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला त्यातच सगळ्यात जास्त मजा वाटते. थंडीच्या टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. आपल्याला वाटतं की बर्फ झटकायला असतील. उलट आहे. त्यांत बर्फ भरून राहावा म्हणून त्या असतात, कारण बर्फाची सगळ्यात चांगली पकड बर्फालाच बसते. पावसात काळ्या रानातून चप्पल घालून चाला, पहिल्या चार पावलांत तळाला माती लागते आणि मग मातीला माती चिकटत जाऊन पायात दोन किलोचा बूट तयार होतो. तसंच. मात्र रस्त्यावर काचेसारखा गुळगुळीत थर गोठला असेल तर हे टायरही थोडाच आधार देतात. तिथे हळू चालवणं एवढाच उपाय.

वाळूच्या पोत्याची कल्पना आपल्या ट्रॅक्टरवाल्यांची. मागच्या टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवतात, चाक रिकामं फिरायचं थांबतं. कारमध्येही निघायला मदत होईल. पण वाढलेलं वजन थांबवायलाही तेच टायर, आणि वळणावर मागचं ओझं शेपूट बाहेर ओढतं. त्यातून एमएक्स-5 ची डिकी जेमतेम 130 लिटरची. पोतं ठेवलं तर भाच्याने बॅग मांडीवर घ्यायची का?

दलालीचं म्हणाल तर लेखात मी एकाही कंपनीचं नाव घेतलेलं नाही. एडीएसी (ADAC) ही तिकडची वाहनचालकांची संस्था दरवर्षी थंडीच्या टायरची चाचणी घेते. ती बघून आपल्या मापाचा घे, एवढंच भाच्याला सांगितलं. शिवाय बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असं चिन्ह हवं. नुसतं एम प्लस एस (‘चिखल आणि बर्फ’ची इंग्रजी आद्याक्षरं) चालत नाही, ते कंपनी स्वतःच छापते, त्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही. जुन्यात घेणार असशील तर टायर कधी बनला त्या आठवड्याचे आणि वर्षाचे बाजूवरचे चार आकडे वाच, आणि नक्षीची खोली चार मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर फुकट दिला तरी नको म्हण. कायदा 1.6 चालवून घेतो. बर्फ चालवून घेत नाही.

हवेचं लेखात राहून गेलं होतं, ते तुमच्या निमित्ताने. वीस अंशांच्या गॅरेजमध्ये हवा भरून गाडी उणे पाचात उभी केली की तीन-चार पीएसआय आपोआप उतरतात. गळती नाही, फक्त गारठा.

आता एक तुम्हाला विचारतो. कन्नडच्या औट्रम घाटात भर पावसात, मागे रिमोल्ड असलेली भरलेली बस उतरवताना तुमचे ड्रायव्हर गिअर कोणता ठेवायचे, आणि वळणाच्या किती आधी ब्रेक सोडायचे? भाच्याला तिकडच्या डोंगरात तेच लागणार आहे, आणि ते मला माहीत नाही. सवडीने लिहा.