राजकारण गेममध्ये आहेच. निर्णय कोणाच्या हातात आहे?

‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’ ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हापासून भारतातल्या मित्रांशी गेमिंगविषयी बोलताना एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते: रोल-प्लेइंग गेमच्या (ज्यात खेळाडू एका पात्राची भूमिका घेऊन त्याच्या वतीने निर्णय घेतो) लेखकांनी आपले सामाजिक राजकारण बाजूला ठेवावे आणि आम्हाला निवांत खेळू द्यावे. हा गेम करणारा बायोवेअर स्टुडिओ कॅनडातल्या एडमंटनचा, आणि मीही बरीच वर्षे कॅनडातच नोकरी करतो. त्यामुळे या तक्रारीतला कोणता भाग खरा आणि कोणता दुसऱ्यांच्या भांडणातून जसाच्या तसा उचललेला, हे येथून अधिक स्पष्ट दिसते.

खरा भाग असा. ‘व्हेलगार्ड’मधले टाश हे पात्र ड्रॅगनची शिकार करते, आईच्या कुनारी (गेममधल्या एका शिस्तबद्ध, शिंगे असलेल्या वंशाच्या) संस्कारांशी झगडते आणि पुढे आपण नॉन-बायनरी, म्हणजे ना स्त्री ना पुरुष, असल्याचे जाहीर करते. पात्राची कल्पना चांगली आहे. लेखन मात्र तिला न्याय देत नाही. टाशविषयी बोलताना चुकीचे सर्वनाम वापरले म्हणून इझाबेला हे दुसरे पात्र जमिनीवर जोर मारते आणि चूक झाल्यावर कसे वागावे हे सगळ्यांना समजावून सांगते, तो प्रसंग कॅनडातल्या कार्यालयात काम केलेल्या कोणालाही चटकन ओळखू येईल, कारण त्याची सगळी धाटणी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणसत्राची आहे. कार्यालयात अशा सत्रांची गरज असते. त्यांच्यामुळे सहकाऱ्यांना मिळणारी वागणूक सुधारल्याचे मी स्वतः पाहिले आहे. गेममध्ये मात्र खेळाडूला वाद घालता, अडखळता आणि काही गमावता आले पाहिजे. टाशच्या ओळखीच्या प्रश्नावर त्याला जवळपास केवळ पाठिंब्याच्या निरनिराळ्या छटा निवडता येतात.

याच मालिकेत, याच स्टुडिओने, २०१४ च्या ‘इन्क्विझिशन’मध्ये क्रेम हे ट्रान्स पुरुषाचे (जन्मतः स्त्री मानल्या गेलेल्या पुरुषाचे) पात्र लिहिले होते. क्रेम गेममधल्या तेव्हिंतर साम्राज्याच्या सैन्यातून पळालेला भाडोत्री सैनिक आहे आणि त्याला वाचवताना त्याचा कुनारी नायक आयर्न बुल याने आपला डोळा गमावलेला आहे. पुढे एका मोहिमेत, कुनारींशी युती टिकवायची की क्रेम आणि त्याच्या साथीदारांना जिवंत ठेवायचे, हे खेळाडूला ठरवावे लागते. क्रेम कोण आहे यावर व्याख्यान न ऐकताही तो निर्णय घेताना हात थरथरतो.

‘व्हेलगार्ड’ला पहिल्या तिमाहीत सुमारे १५ लाख खेळाडू मिळाले आणि ही संख्या अपेक्षेपेक्षा जवळपास ५० टक्क्यांनी कमी असल्याचे बायोवेअरची मालक कंपनी ईएने जाहीर केले, तेव्हा त्याचे सगळे खापर टाशवर फोडण्यात आले. हा गेम आधी ऑनलाइन मल्टिप्लेअर म्हणून आकार घेत होता आणि नंतर त्याला एकट्याने खेळण्याच्या गेमचे रूप देण्यात आले, ही गोष्ट त्या चर्चेत क्वचितच येते. शिवाय बेल्जियममधल्या लारियन स्टुडिओचा ‘बाल्डर्स गेट ३’ हा रोल-प्लेइंग गेम सर्वनामांची निवड देतो, साथीदारांशी प्रेम जुळवताना लिंगाची अट ठेवत नाही, दुसऱ्या अंकाचे कथानकच आयलिन आणि इझोबेल या दोन स्त्रियांच्या प्रेमाभोवती गुंफतो, आणि तरीही २०२३ मध्ये द गेम अवॉर्ड्सचा सर्वोत्तम गेम ठरतो.

चेक प्रजासत्ताकातल्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’चे उदाहरण तर अधिक बोलके आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभीच्या बोहेमियात घडणाऱ्या या गेमवर २०१८ मध्ये गौरेतर पात्रे नसल्याबद्दल टीका झाली. २०२५ मध्ये दुसऱ्या भागात मालीहून आलेला मुसा हा विद्वान दिसला आणि नायक हेन्री व त्याचा उमराव मित्र हान्स यांच्यातले प्रेम हा ऐच्छिक मार्ग ठेवला गेला, तेव्हा उलट्या बाजूने गदारोळ झाला. दोन्ही वेळी कोणती माणसे पडद्यावर दिसतात याची मोजदाद झाली. ती पात्रे कशी लिहिली आहेत, याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

भारतातली चर्चा ही मोजदाद शब्दांसकट उसनी घेते, याचे मला मनापासून दुःख होते, कारण आपल्याजवळ बोलण्यासारखे त्याहून मोठे काही आहे. २००९ च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मधले ओर्झामार हे भूमिगत शहर आठवा. तेथील बुटक्यांच्या समाजात जन्मावरून जात ठरते, जातहीनांच्या चेहऱ्यावर खूण गोंदली जाते आणि त्यांना डस्ट टाउन या वस्तीत राहावे लागते. तुम्ही जातहीन म्हणून खेळ सुरू केलात, तर एका योद्ध्याचे चिलखत चढवून रिंगणात उतरता आणि जिंकता. पण ओळख उघड होताच कौतुकाऐवजी कोठडी मिळते. पुढे राजा निवडायची वेळ येते. हॅरोमाँट सचोटीचा, परंतु परंपरेला घट्ट धरून असलेला. भेलेन सत्तेसाठी रक्त सांडणारा, पण जातहीनांवरची बंधने सैल करणारा. सभ्य माणसाला गादीवर बसवले की अन्याय आवळला जातो, हे खेळाडूला स्वतःच्या निर्णयातून कळते. गेममध्ये राजकारण नको म्हणणाऱ्या माझ्या मित्रांपैकी कोणीही ओर्झामारविषयी कधी तक्रार केलेली नाही.

कॅनडातले माझे सहकारी ओर्झामारकडे कल्पनेतली एक रंजक समाजरचना म्हणून पाहतात. आंबेडकरी चळवळीचा इतिहास माहीत असलेल्या मराठी खेळाडूला त्यात बरेच अधिक दिसू शकते, आणि काय कमी आहे तेही. निवडीसाठी समोर येतात ते दोन्ही उमराव. डस्ट टाउनमधून उभा राहिलेला, आपल्या लोकांच्या वतीने हक्क मागणारा पुढारी त्या निवडीत नाही. सुटका राजाच्या मर्जीने मिळते, नाहीतर ग्रे वॉर्डन या योद्ध्यांच्या संघात सामील होऊन शहर सोडल्याने. बायोवेअरच्या लेखकांनी जातीचा प्रश्न इतका नेमका पकडला आणि तो सोडवण्याचा अधिकार मात्र जातहीनांच्या हाती दिला नाही, ही टीका मी येथे इंग्रजीतल्या चर्चांमध्ये वाचलेली नाही. ती मराठीत लिहिली गेलेली मला वाचायची आहे.