मेव्हिस सुधारत नाही, हेच खरं

‘यंग अडल्ट’ (२०११) या चित्रपटात जुन्या प्रियकराला परत मिळवायला गावी आलेली मेव्हिस (चार्लीझ थेरॉन) शेवटी सुधारत नाही म्हणून चित्रपट अपुरा वाटतो, हे त्यावरच्या एका लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. सकाळी स्वयंपाकघरात ती जुन्या वर्गमित्राच्या बहिणीला, सँड्राला सांगते, मला बदलायला हवं. सँड्राच म्हणते, काही गरज नाही. तेवढं ऐकून ती सावरते आणि ‘मलाही ने’ म्हणणाऱ्या सँड्राला तिथेच सोडून आपल्या शहरात, मिनिॲपोलिसला परत निघते. अंगावर काटा येतो!

माझी मावसबहीण दहा वर्षांनी गावी आली, दिवसभर सगळ्यांना टोचून बोलली आणि रात्री माझ्याशेजारी उशीत तोंड खुपसून रडली. सकाळी पुन्हा तीच. चार्लीझ थेरॉन एकटीच डोक्यावरचे केस उपटत बसते ना, तिथे मला तीच दिसली.