तुकडे सापडले म्हणून पेटंट पडत नाही

भाचा पुण्यात बसून अमेरिकन ग्राहकांसाठी ॲप बनवतोय. त्यातलं एक फीचर तिथल्या एका पेटंटच्या फार जवळ जातंय. ‘वकील गाठ’ म्हटलं, तर पठ्ठ्याने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला: ‘ॲपलचं स्लाइड टू अनलॉक स्वीडनच्या निओनोड फोनमध्ये आधीच होतं, कोर्टाने पेटंट उडवलं. क्लेममधला (पेटंटचा हक्क नेमका कशावर, ते सांगणाऱ्या वाक्यातला) प्रत्येक भाग जुन्या वस्तूंत सापडला की पेटंट आपोआप रद्द. भारतात तर सॉफ्टवेअरला पेटंटच नाही. बिनधास्त वापरा!’ खाली मामे-मावसभावांचे अंगठे.

निओनोडच्या मुद्द्यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. बोट उजवीकडे सरकवून लॉक उघडा, असं त्यांच्या एन-१ फोनच्या माहितीपत्रकात लिहिलेलंच होतं. ब्रिटन-जर्मनीत ॲपलचं हे पेटंट टिकलं नाही. अमेरिकेतही ॲपल विरुद्ध सॅमसंग खटल्यात फेब्रुवारी २०१६ मध्ये फेडरल सर्किटच्या, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टाच्या, तीन न्यायाधीशांनी क्लेम उडवला. फॉरवर्डवाल्याचं वाचन बहुधा इथेच थांबलं. ऑक्टोबरमध्ये त्याच कोर्टाच्या पूर्ण पीठाने तो निकाल फिरवला आणि ज्युरीने ॲपलच्या बाजूने दिलेला कौल कायम केला.

‘सगळे भाग सापडले की रद्द’ हा तर निव्वळ घातक मूर्खपणा. २००७ चा केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स हा अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा निकाल पेटंट पाडणाऱ्यांचा लाडका. त्यात गाडीच्या पेडलचं पेटंट पडलंच. पण त्याच निकालात स्पष्ट म्हटलंय की, प्रत्येक घटक सुटासुटा आधीपासून माहीत होता एवढं दाखवून भागत नाही. ते घटक एकत्र आणायचं कारण दाखवावं लागतं, तेही त्या काळच्या सामान्य जाणकाराच्या नजरेतून. आज बघून ‘हे तर कुणालाही सुचलं असतं’ म्हणायला काय जातंय!

निओनोडमध्ये बोट सरकत होतं, पण ॲपलच्या क्लेममधलं, बोटाबरोबर सरकणारं चित्र नव्हतं. ते सॅमसंगने संशोधक कॅथरीन प्लेझां यांच्या १९९२ च्या कामातून काढलं: घरातली उपकरणं चालवणाऱ्या, भिंतीवरच्या टचस्क्रीनची बटणं. दोन्ही तुकडे हातात आले. पण भिंतीवरचा पॅनेल काही खिशात चुकून दाबला जात नाही. मग ॲपलने अर्ज केला त्या २००५ मध्ये फोनवाला तिकडे कशाला बघेल? शिवाय प्लेझांच्या चाचणीत लोकांना सरकपट्टीपेक्षा दाबायचं बटणच जास्त आवडलं होतं. पूर्ण पीठ म्हणालं, एवढ्यावर ज्युरी ॲपलच्या बाजूने जाऊ शकते.

मला स्वतःला हा निकाल पटत नाही. स्टीव्ह जॉब्सने मंचावर फोन उघडला तेव्हा प्रेक्षकांनी केलेला जल्लोषही त्यात पुरावा म्हणून धरलाय, म्हणजे कमालच. पूर्ण पीठातल्या तीन न्यायाधीशांनाही तो पटला नव्हता. पण निकाल तोच राहिला.

आणि ‘आपोआप’ काहीच होत नाही. दिलेलं पेटंट तिथे वैधच धरतात. कोर्टात ते पाडायचं तर भक्कम पुरावा आव्हान देणाऱ्याने आणायचा.

भारताचं म्हणाल तर आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) ‘निव्वळ’ कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट नाकारतं, सरसकट सगळ्याला नाही. आणि ग्राहक अमेरिकेत असताना ते कलम कुणाला दाखवणार? तेव्हा भाचेबुवा, जुन्या ॲपचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकणं थांबवा. क्लेमचं वाक्य न् वाक्य आणि अर्जाची तारीख घेऊन तिकडच्या वकिलाकडे जा.