किती मिनिटं व्हिडिओ पाहिला, हे पोरांना विचारू नका

आज आमच्या केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद होती. अर्धा वेळ एकाच विषयावर गेला: कोणत्या शाळेनं सरकारच्या दीक्षा ॲपवर पुस्तकातले किती क्यूआर कोड स्कॅन केले, किती मिनिटं व्हिडिओ पाहिले, कोण मागं पडलंय. आमची शाळा यादीत खाली. "सर, तुमच्याकडं डिजिटल शिक्षण दिसतच नाही," असं सगळ्यांसमोर ऐकवलं. तिथं गप्प बसलो, पण घरी आल्यापासून डोकं शांत होईना, म्हणून लिहितोय.

मागच्या महिन्यात चौथीला आपल्या सातारा जिल्ह्याचा नकाशा शिकवत होतो. २०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' ह्या सरकारी कार्यक्रमाच्या जोरात गावानं लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला होता, त्याच्या इन्व्हर्टरची बॅटरी कधीच गेली. मग माझाच फोन. उजेडात स्क्रीन दिसेना म्हणून सगळी पोरं कपाटामागच्या कोपऱ्यात दाटीवाटीनं बसली. गूगल अर्थवर आपलं गाव काढलं. शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसलं आणि एकच गलका झाला.

मी डोंगराकडं बोट करून सांगितलं, ह्या बारीक पांढऱ्या रेघा म्हणजे बांध असणार. तेव्हा मागून आवाज आला, "बांध न्हाई सर, वाट हाय. मेंढरांची." बोलणारं पोरगं मेंढपाळाचं. वर्षाचे कित्येक महिने बापाबरोबर बाहेर, वाचनात मागं, वर्गात तोंड न उघडणारं.

त्याला पुढं बोलावलं आणि फोन त्याच्या हातात दिला. बोटं खडूनं माखलेली, झूम होईना. शर्टाला पुसून पुन्हा केलं. पाझर तलाव दाखवला, पाणी कधी आटतं ते सांगितलं. मग पश्चिमेकडं सरकत सरकत ते थेट घाटापर्यंत गेलं, कारण ती वाट त्यानं चालून पाहिलेली. आमचा माण तालुका करडा, आणि जसजसं पुढं जावं तसं सगळं हिरवं होत गेलं. एका पोरीनं विचारलं, "सर, एकाच जिल्ह्यात असं का?" इथं वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तिकडं महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. डोंगराच्या आड पाऊस कमी पडतो ती पर्जन्यछाया शिकवायला इतकी वर्षं फळ्यावर डोंगर काढत आलोय, पण हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता.

आता सांगा, ह्याची नोंद कोणत्या लिंकवर करू? क्यूआर कोड स्कॅन झाला नाही, व्हिडिओची मिनिटं भरली नाहीत. म्हणजे त्या दिवशी आमच्या वर्गात डिजिटल शिक्षण झालंच नाही!

दीक्षावर चांगलं साहित्य आहे, मीही वापरतो. हिशोब लागतो हेही कबूल, सरकारी पैसा आहे. पण परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते ना? समोरच्या पोराला पुस्तक कळत नाही, ह्या तळमळीतून त्यांचे क्यूआर कोड आले. तळमळ बाजूला राहिली आणि आपण कोड मोजत बसलो. चिडायला होतं ते ह्याच्यामुळं. पोरांना व्हिडिओ लावून द्यायचा आणि मास्तरनं मागं बसून माहिती भरायची, स्क्रीनशॉट टाकायचा. हे करणाऱ्यांनाही मी दोष देत नाही. माहिती मागणारं टपाल सकाळी येतं आणि दुपारपर्यंत भरून मागतात, बिचारे काय करणार?

दुसऱ्या बाजूला गावात पारावर बसून "मास्तर वर्गात मोबाइल घेऊन बसतो" म्हणणारे आहेतच. त्यांनाही त्या दिवशी कपाटामागं आणून बसवायला हवं होतं. फोन एकच होता, म्हणून पोरं एकमेकांशी बोलली, भांडली, एकमेकांना दाखवत राहिली. प्रत्येकाच्या हातात टॅब असता तर ते पोरगं आपल्या टॅबवर मेंढरांची वाट बघून गप्पच राहिलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून पहिल्या रांगेत येऊन बसलं. 'माणगंगा' हा शब्द अडखळत का होईना, वाचला. नकाशावर शोधायचा होता ना!

राग आता बराच उतरलाय. लिहायला बसलो रागानं, पण एक कामही आहे, ते सांगतो.

मेंढरं लवकरच घाटाकडं निघतील, पोरगंही जाणार. बाहेरगावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देणारच आहे. त्याच्या बापाशी बोलणं झालंय: तळ पडेल तिथून मला लोकेशन पाठवायचं, वर्गातली पोरं नकाशावर खूण करतील, आणि रात्री त्यानं तिथलं काय ते बोलून पाठवायचं. वाटेवरच्या शाळांत माझे बरेच मित्र आहेत. तुमच्या गावात तळ पडला की मी फोन करीन. जितके दिवस तळ असेल तितके दिवस त्याला वर्गात बसवा, आणि तुमच्या पोरांना नकाशा दाखवायचं काम त्याच्याकडं द्या. कोण कोण तयार आहे, खाली गावाचं नाव लिहा.