सशाला गाजर कुणी दिलं?

दादर-पार्ल्याच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ससा मुळात इंग्रजांनी आणलेला, आपल्या गोष्टींत तो फक्त भित्रा नि आळशी, गाजर हा त्याचा पूर्णाहार, आणि सशाचं चित्र असलेली वस्तू घरात आली की बरकत येते. शेवटी जोडलेल्या हातांची रांग.

आधी इंग्रजांचं बघू. क्रॉफर्ड मार्केटात पिंजऱ्यात दाटीवाटीने बसलेला पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा ससा बाहेरचाच, युरोपातल्या रानसशाची पाळीव जात. पण इथला ससा निराळा प्राणी आहे. मातकट रंग, काळी मान, लांब तंगड्या. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तो आजही आहे. तो बीळ खणत नाही, गवतात दबून बसतो, आणि त्याची पिल्लं अंगावर केस नि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पांढऱ्याची उघडीवाघडी, डोळे मिटलेली. वन्यजीव संरक्षण कायद्याने (1972) इथल्या सशाला संरक्षण आहे, तेव्हा त्याला पकडून गॅलरीत ठेवायच्या फंदात पडू नका.

भित्रा नि आळशी? पैज लावून झोपणारा ससा इसापचा, म्हणजे ग्रीकांकडून आलेला. गंमत बघा, फॉरवर्ड ज्याला 'आपला' म्हणतो तोच परका निघाला. पंचतंत्रातला ससा सिंहाला विहिरीतलं प्रतिबिंब दाखवून बुडवतो. दुसऱ्या गोष्टीत चंद्राचा दूत असल्याची थाप मारून हत्तींचा अख्खा कळप तळ्यावरून हुसकावतो. हां, एका गोष्टीत तो मांजराला पंच नेमतो आणि जिवाला मुकतो, हेही सांगायला हवं. पण मूर्खपणा वेगळा, भित्रेपणा वेगळा.

आता गाजर. हा मुद्दा मला सोडवत नाही, कारण यात खरोखरची जनावरं मरतात. गाजर कुरतडणारा ससा जगभर पसरवला तो बग्ज बनी या अमेरिकन कार्टून सशाने. तो 1940 साली पडद्यावर आला. त्याची ती गाजर चघळत भराभर बोलण्याची लकब क्लार्क गेबल या नटावरून उचललेली. 1934 च्या एका हॉलिवूडपटात गेबल कुंपणाला टेकून तसंच करतो. बग्जला आवाज देणारे मेल ब्लँक रेकॉर्डिंगला खरं गाजर कचाकचा चावायचे आणि पुढचं वाक्य बोलता यावं म्हणून थुंकून टाकायचे. म्हणजे गाजर त्यांच्याही पोटात जात नव्हतं!

पाळीव सशाला मुख्यतः गवत लागतं, सुकं, भरपूर, दिवसभर. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते गवत चावूनच झिजतात. गाजरात साखर जास्त. रोज दिलं तर पोट बिघडतं आणि सशाचं पोट थांबलं की प्रकरण जिवावर येतं. चकतीभर, कधीतरी, एवढंच ठीक. वर मुंबईचा उकाडा. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे ऑक्टोबरात पत्र्याखालच्या पिंजऱ्यात गाजर ठेवून ऑफिसला जाणं म्हणजे त्याचे हालच.

आणि मराठी पोरांना हे कधीपासूनच माहीत होतं. 'ससा तो ससा की कापूस जसा' आठवा. त्यात तो कापसासारखा पांढरा आहे, मान्य, पण डोंगराच्या वाटेवर थांबतो तो गार चारा खायला. गाजराचं नावही नाही.

राहिली बरकत. सशाचा पाय खिशात ठेवला की नशीब उघडतं, ही समजूत अमेरिकेत चालते. त्यात सशाचं नशीब कुणी विचारत नाही. चित्राचं म्हणाल, तर हिल रोडवर नि फॅशन स्ट्रीटवर टी-शर्टवर सगळ्यात जास्त दिसणारा ससा कोणता? कान उभे, गळ्यात बो. तो 1953 साली निघालेल्या 'प्लेबॉय' या प्रौढांच्या अमेरिकन मासिकाचा शिक्का आहे, आर्ट पॉल यांनी काढलेला. भाचीच्या बारशाला बरकतीचं झबलं घ्यायला निघालेल्या मावश्यांनो, सशाच्या गळ्यात बो दिसला तर दुकानदाराला म्हणावं, हत्तीचं दाखवा.