फर्नेसचा व्हेंट गॅरेजमध्ये का काढून दिला नाही: आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. शे-दोनशे डॉलरचं काम नाकारून आम्ही हजारोंचा हीटर गळ्यात मारायला निघालो होतो, वर व्हिजिटची फीही घेतली, आणि मराठी माणसानेच मराठी माणसाला लुबाडलं, असं तुम्ही लिहिलंय. हे मनाला फार लागलं, म्हणून सविस्तर लिहितो. शिकागोजवळच्या नेपरविल-ऑरोरा भागात दर हिवाळ्यात हीच मागणी येते, तेव्हा बाकीच्यांनीही वाचावं.

तळघरातल्या फर्नेसच्या, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीच्या, डक्टला (गरम हवा नेणाऱ्या नळाला) फाटा फोडून तो घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये काढून द्या, अशी तुमची मागणी होती. हे काम आम्ही कितीही पैसे मिळाले तरी करत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणचे घरबांधणीचे नियम ज्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडवर बेतलेले आहेत, त्यात हे साफ लिहिलंय: राहत्या खोल्यांना हवा पुरवणाऱ्या फर्नेसने गॅरेजला हवा द्यायची नाही आणि तिथली हवा ओढायचीही नाही.

तुमचा प्रश्न होता, नुसती गरम हवाच सोडायची तर धोका कसला? फर्नेस जितकी हवा फेकते तितकीच रिटर्नमधून, म्हणजे हवा परत नेणाऱ्या नळातून, घरातून ओढते. त्यातली काही गॅरेजमध्ये गेली की ती घरात परत येत नाही. मग घर ती तूट फटीफटीतून भरून काढतं, आणि हवा भरलेलं गॅरेज तर भिंतीपलीकडेच असतं. आमच्या टेक्निशियनने तुमच्यासमोर फर्नेस चालू ठेवून घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दाराखाली धुराची कांडी धरली होती. धूर सरळ घरात वळला, कारण दाराची खालची रबरी पट्टी झिजून उजेड दिसतोय. व्हेंट नसतानाच ही गत आहे.

व्हेंट हवा होता त्याच कोपऱ्यात स्नो ब्लोअर आणि पेट्रोलचा लाल कॅन आहे. फर्नेस बंद झाली की तोच डक्ट म्हणजे तिथल्या पेट्रोलच्या वाफांना घरात यायचा उघडा रस्ता. डॅम्पर (डक्ट बंद करणारी झडप) बसवला तरी तो घट्ट बंद होत नाही, आणि गॅरेजला आग लागली तर धूर त्याच वाटेने झोपायच्या खोल्यांत पोचतो. आणि गाडी! थंडीत गॅरेजचं मोठं दार उघडं ठेवून दोन मिनिटं इंजिन चालवलं तरी गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरपूर साठतो, आणि गाडी बाहेर काढल्यावरही बराच वेळ रेंगाळतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. आग सोडून इतर कारणांनी झालेल्या या विषबाधेने अमेरिकेत दरवर्षी ४००हून जास्त माणसं दगावतात.

तुम्हीच लिहिलंय की गॅरेजच्या वरच्या खोलीत नाशिकहून येणारे आई-बाबा उतरतात आणि तिथली फरशी गार पडते. खरी अडचण ती आहे. त्यावर उपाय गॅरेज तापवणं नाही. गॅरेजच्या छतातल्या फटी बुजवून इन्सुलेशन नीट भरायचं, त्यावर ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) पुन्हा लावायचा. आम्ही दिलेल्या कोटेशनमध्ये हे पहिल्या नंबरला होतं आणि हीटरपेक्षा बरंच स्वस्त होतं. कृपया पुन्हा पाहा. ट्रेडमिलसाठी गॅरेज गरम हवंच असेल तर स्वतंत्र इलेक्ट्रिक हीटर, मिनी-स्प्लिट (गरम हवाही देणारा स्प्लिट एसी), किंवा जळणाची हवा बाहेरून घेणारा सीलबंद गॅस हीटर घ्या. आमच्याकडूनच घ्या असं मुळीच नाही, पण परमिट काढून, इन्स्पेक्शन करून घ्या.

व्हिजिटची फी परत करणार नाही. त्या वेळात घराची पूर्ण तपासणी झाली आणि लेखी अहवाल तुमच्याकडे आहे. दाराची पट्टी मात्र आई-बाबा यायच्या आत बदला, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. इलिनॉयमध्ये २००७पासून प्रत्येक झोपायच्या खोलीच्या १५ फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइड अलार्म सक्तीचा आहे. वरच्या खोलीजवळ तो नाही, हेही अहवालात आहे.

शेजाऱ्यांकडे असा व्हेंट आहे आणि काही झालेलं नाही, असं तुम्ही म्हणता. कृपया त्यांना हे वाचून दाखवा. तो व्हेंट काढून भोक पत्र्याने आणि ड्रायवॉलने नीट बंद करायला आम्ही येऊ, त्याचे पैसे घेणार नाही.