साठ लिटरचा समुद्र

समुद्र मोठा असतो, हीच त्याची सगळ्यात मोठी सोय. त्यात चार मासे मेले काय आणि आठ दिवस ऊन पडलं नाही काय, पाण्याला ढिम्म फरक पडत नाही. माझा समुद्र म्हणजे मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायची काचेची टाकी; तो साठ लिटरचा आहे आणि टीव्हीशेजारी बसतो. त्याला सगळ्याचाच फरक पडतो. "पहिलाच कोरल टँक ना? मग छोटाच घे," असा सल्ला देणाऱ्यांचा माझ्यावर कसला तरी जुना राग असावा. पाणी जितकं कमी, तितकं ते लहरी.

हौसेची सुरुवात पाण्यापासूनच होते. नळाचं पाणी चालत नाही. ते आधी आरओतून, मग उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआयच्या नळकांड्यातून काढायचं आणि पाण्यात विरघळलेलं मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत त्यातलं होतं नव्हतं ते सगळं घालवायचं. मग बादलीभर क्षार विकत आणायचे आणि लिटरला साधारण 35 ग्रॅम या हिशेबाने मोजून परत त्याच पाण्यात घालायचे. हे अजब वाटतंय ना? मलाही वाटतं, पण खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावला की असले विचार बाजूला पडतात.

पाणी झालं, दगड रचले, दिवे लागले, की मग काहीच करायचं नसतं. हे सगळ्यात अवघड. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट. ही मंडळी दगडांवर नीट वस्ती करेपर्यंत सहज चार ते सहा आठवडे जातात. तोवर मासा सोडणं म्हणजे त्याला विषात सोडणं. पाहुण्यांना मात्र हे पटत नाही. मामा आले, चष्मा वर केला, नाक काचेला टेकवलं.

"मासे कुठेत रे?"

"अजून सोडले नाहीत, मामा."

"मग हे काय ठेवलंयस?"

"दगड. त्यांच्यावर जिवाणू वाढताहेत."

मामांनी नाक काचेपासून घाईघाईने लांब नेलं. जाताना आईला हळूच म्हणाले, "कामाचा फार ताण आहे का गं याला?"

पुढे ते दगडही दिसेनासे झाले. आधी त्यांच्यावर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर चढला, मग शेवाळाचे हिरवे केस उगवले, मग लालसर शेवाळी चादर पसरली. जाणकार याला 'अग्ली फेज' म्हणतात आणि 'थांबा' एवढंच सांगतात. पी हळद आणि हो गोरी, हे इथे चालत नाही.

मासे आणि कोरल आल्यावर माझा दिनक्रम पॅथॉलॉजी लॅबसारखा झाला. नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) तपासायच्या बाटलीतून थेंब मोजत टाकायचे, दर थेंबाला नळी हलवायची. निळ्याचा पिवळा रंग ज्या थेंबाला होतो, तो आकडा वहीत लिहायचा. आठ-नऊ आला तर रात्री झोप लागते. गोची अशी, की पिवळा नेमका कधी झाला यावर घरात एकमत होत नाही. मुलगा म्हणतो आठव्या थेंबाला, मी म्हणतो नवव्या. मग कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट. बायको एकदा शांतपणे वही चाळत म्हणाली, "छान ठेवलीयस. तुझी स्वतःची शुगर कधी तपासली होतीस, ते कुठल्या पानावर आहे?"

कोरल शांत असतात, हा गैरसमज दिवे चालू असेपर्यंतच टिकतो. आमचं हॅमर कोरल दिवसा झुलतं, रात्री लांबलचक दंशाचे धागे बाहेर काढून शेजाऱ्याला भाजून काढतं. एकमेकांपासून वीतभर लांब ठेवा म्हणतात, पण साठ लिटरमध्ये वीतभर जागा आणायची कुठून? झोअँथिड हे कोरलचे भाईबंद दिसायला फुलांचा ताटवा, पण त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, म्हणून हातमोजे आणि गॉगल घालून त्यांना सरकवायचं. घरातली शोभेची वस्तू हलवायला गॉगल लावणारा अख्ख्या इमारतीत मी एकटाच. दगडाबरोबर फुकट आलेलं एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल तर विचारूच नका. खरवडून काढावं, तर प्रत्येक तुकड्याचं नवं एप्टेशिया होतं. ते खायला पेपरमिंट कोळंबी आणली. ती दिवसभर दगडामागे दडते आणि कोरलला घातलेला घास पळवते. एप्टेशियाशी तिने बहुधा तह केलाय.

राहिली केशरी क्लाउनफिशची जोडी. हे मासे जन्मतः सगळे नर. त्यांच्यात जो थोरला तो मादी होतो आणि टँकचा कारभार हाती घेतो. आमची मादी अंगठ्याएवढी आहे, पण काच पुसायला हात आत गेला की धावून येऊन चावते.

मागे लग्नासाठी गावाला जायचं होतं, म्हणून किल्ली शेजारच्या काकूंना दिली आणि सूचनांचा कागद फ्रिजवर लावला. पहिली सूचना, ठळक अक्षरात: टँकमध्ये हात घालू नये. ऐन मुहूर्तावर काकूंचा फोन.

"अरे, पाणी दोन बोटं खाली गेलंय. समुद्राचं आहे ना? मूठभर मीठ टाकू?"

"नको काकू! पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. बाजूच्या कॅनमधलं साधं पाणी ओता."

"मग ही बादलीभर मिठाची खरेदी कशाला केलीस?"

"ते पाणी बदलताना लागतं."

"चांगलं शून्याचं पाणी बदलायचं कशाला?"

मागे मंगलाष्टकं चालू होती. मी मांडवाच्या कोपऱ्यात जाऊन पाण्यात साचत जाणारं नायट्रेट समजावून सांगू लागलो. काकूंनी मध्येच थांबवलं.

"ते राहू दे. मला आधी सांग, ती केशरी मोठी सगळ्यांनाच चावते, की फक्त मलाच?"